धम्मग्रंथाचा गाभा ओळखायला शिकवणारे आचार्य धर्मानंद कोसंबी

दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेची मध्यवर्ती कल्पना लिहायला सांगतात. आपल्यापैकी बहुतेकांनी हे उत्तर गाईडमधून पाठ केले आहे. कविता न वाचताही ते लिहिता येते आणि वर गुणही मिळतात. हीच सवय पुढे बुद्ध पौर्णिमेच्या भाषणात दिसते. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, असे विचारले की म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये ओघाने येतात. ही दृश्ये कोणत्या सुत्तात आहेत आणि ती कोणाविषयी सांगितली आहेत, हे विचारणारा विरळा. तथागतांनी स्वतः आपल्या गृहत्यागाविषयी काय सांगितले, हे तर कोणी विचारतच नाही.

आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी हे प्रश्न विचारले. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी त्यांनी गोव्यापासून सिंहलद्वीपापर्यंत आणि ब्रह्मदेशापासून अमेरिकेपर्यंत प्रवास केला. शिकलेले त्यांनी मराठीत आणले आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवले. ग्रंथाचा गाभा कसा ओळखायचा, याचा धडा त्यांच्या चरित्रातून मिळतो. चळवळीतल्या तरुणांना आज त्याची गरज आहे.

नारळीच्या बागेतला वाचक

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी, गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. गावात नीट शाळा नव्हती आणि प्रकृतीही साथ देत नव्हती, त्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. वडिलांची नारळीची बाग सांभाळायची आणि हाती लागेल ते मराठी पुस्तक वाचायचे, असे दिवस चालले होते.

‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाविषयी वाचले. पुढे बुद्धचरित्रावरचे एक मराठी पुस्तकही हाती आले. या वाचनाने त्यांना झपाटले. ज्या माणसाचा धर्म आशियाभर पसरला, त्याच्याविषयी त्याच्याच देशात एवढी कमी माहिती का, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या काळी महाराष्ट्रात बुद्ध विष्णूचा अवतार म्हणून ठाऊक होता आणि त्याचे मूळ ग्रंथ मराठी माणसाच्या आवाक्याबाहेर होते.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. आपण एका माणसाच्या शोधाची गोष्ट वाचतो तेव्हा घरी राहिलेल्या बाईचे कष्ट विसरून चालत नाही. स्वतः कोसंबींनीही आपल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्या काळातील मनाची ओढाताण लपवलेली नाही. गृहत्याग का करावासा वाटतो, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकापुरता नव्हता, हे त्यातून कळते.

पालीसाठी पायपीट

आधी पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ओळखीने संस्कृतचा अभ्यास सुरू झाला. तेथून ग्वाल्हेरमार्गे ते काशीला गेले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृत शिकून घेतले. १९०२ मध्ये ते नेपाळला गेले. बुद्धाच्या जन्मभूमीजवळ तरी धम्म सापडेल अशी आशा होती, पण तेथेही निराशा झाली. मग बुद्धगया, तेथून कोलकात्याची महाबोधी सोसायटी आणि शेवटी सिंहलद्वीप.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांना प्रथमच तिपिटक मुळातून वाचायला मिळाले. तेथे त्यांनी श्रामणेर दीक्षाही घेतली. पुढे ब्रह्मदेशातील विहारांत राहून त्यांनी ध्यान आणि ग्रंथ दोन्हींचा अभ्यास केला. तेव्हा पाली ग्रंथ सिंहली, ब्रह्मी, सयामी किंवा रोमन लिपीत मिळत. देवनागरीत जवळजवळ काहीच नव्हते. म्हणजे एक सुत्त समजून घ्यायचे तर आधी नवी लिपी शिकायची, मग भाषा आणि मग अर्थ. कोसंबींनी ही सगळी वाट चालून पार केली.

१९०६ मध्ये ते गृहस्थ म्हणून परतले आणि कोलकात्यात पाली शिकवू लागले. तिथे मान होता, पगारही बरा होता. तरी बुद्धाचा विचार आपल्या भाषेच्या लोकांपर्यंत पोहोचवायचा, हे मनातून जात नव्हते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले. वर्षाला एक पुस्तक लिहायचे, एवढीच अट होती. कोसंबींनी जास्त पगाराची नोकरी सोडून हे ५० रुपये स्वीकारले. १९१० मध्ये त्यांचे ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक आले. मराठी वाचकाला तिपिटकाशी जोडणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते.

त्याच वर्षी ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची प्रत हेन्री क्लार्क वॉरन यांनी तयार करायला घेतली होती, पण १८९९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि काम अपुरे राहिले. वेगवेगळ्या लिप्यांतील पाठ शेजारी शेजारी ठेवून कोणता शब्द मूळचा आणि कोणता नकलकाराच्या हातून बदललेला, हे ठरवण्याचे काम कोसंबींनी केले. श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि ते परतले. पुढेही याच कामासाठी ते पुन्हा पुन्हा हार्वर्डला गेले. ती प्रत अखेर १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. देवनागरीतील ‘विसुद्धिमग्ग’ मात्र त्यांनी १९४० मध्येच भारतीय वाचकांच्या हाती दिला होता.

फर्ग्युसनमधील सहा वर्षे

१९१२ ते १९१८ या काळात कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळण्यामागे डॉ. भांडारकरांचे प्रयत्न होते आणि त्या जागेला जीव आला तो कोसंबींमुळे. पु. वि. बापट यांच्यासारखे पुढचे मोठे पाली पंडित त्यांच्या हाताखाली शिकले. १९५६ मध्ये बुद्धाच्या २५०० व्या महापरिनिर्वाण वर्षानिमित्त भारत सरकारने जो ग्रंथ काढला, त्याचे संपादन याच बापटांनी केले.

ज्या माणसाला धड शाळा मिळाली नव्हती, तो कॉलेजात शिकवत होता. पण त्याचे वाचन गाईडवर पोसलेले नव्हते. एखादे सुत्त कशाबद्दल आहे हे त्याला कोणी आयते सांगितले नव्हते. ते त्याने स्वतः शोधले होते आणि तो शोध कसा घ्यायचा हे त्याच्या लेखनातून आजही शिकता येते. त्याचे दोन नमुने पाहू.

अशोकाने सांगितलेली सात सुत्ते

राजस्थानातील बैराट येथे सम्राट अशोकाचा एक शिलालेख सापडला. तो भाब्रू शिलालेख म्हणून ओळखला जातो आणि आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. त्यात अशोकाने भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका यांनी वारंवार ऐकावीत आणि मनात घोळवावीत अशी सात धम्मप्रवचने नावाने सांगितली आहेत. अडचण अशी की, यातली बरीचशी नावे आजच्या तिपिटकात जशीच्या तशी सापडत नाहीत.

युरोपीय अभ्यासकांनी काही नावे जुळवली होती. कोसंबींनी या प्रश्नावर १९१२ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात लेख लिहिला. त्यांनी नावापाशी न थांबता आशय पाहिला. अशोक ज्याला मोनेयसुत्त म्हणतो, त्या नावाचे सुत्त आपल्याला मिळत नाही. पण मोनेय म्हणजे मुनीची जीवनरीत, आणि तोच विषय सुत्तनिपातातील नालकसुत्तात आहे. नालक नावाचा तरुण त्याविषयीच विचारतो आणि तथागत त्यालाच उत्तर देतात. उपतिसाचा प्रश्न असे ज्याचे नाव आहे, ते सुत्तनिपातातील सारिपुत्तसुत्त, कारण उपतिस्स हे सारिपुत्तांचे मूळ नाव आणि त्या सुत्तात तेच प्रश्न विचारतात.

राहुलाला केलेल्या उपदेशाचा उल्लेख तर आणखी बोलका आहे. राहुलाला उपदेश केलेली सुत्ते एकाहून अधिक आहेत. म्हणून अशोकाने खोटे बोलण्याविषयीचा उपदेश असे मुद्दाम सांगितले. मज्झिमनिकायातील ज्या सुत्तात तथागत पाण्याच्या भांड्याचा दाखला देऊन मुलाला खोटेपणाची किंमत समजावतात आणि कोणतेही काम करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर ते तपासायला सांगतात, ते हे सुत्त. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या सम्राटालाही माहीत होते की, ग्रंथाचे नाव विसरले जाईल, बदलेल, पण तो कशाविषयी आहे हे सांगितले तर ओळखता येईल.

इथे पहिला धडा मिळतो. मथळ्यावर विसंबू नका. कोण कोणाला विचारतो आहे, विचारणाऱ्याची अडचण काय आहे आणि उत्तर त्या अडचणीला भिडते का, हे पाहा.

गृहत्यागाचे कारण

दुसरा नमुना त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथातला आहे. हा ग्रंथ १९४० आणि १९४१ मध्ये दोन भागांत आला. त्यापूर्वी १९१४ मध्ये त्यांनी ‘बुद्धलीलासारसंग्रह’ लिहिला होता आणि त्यात परंपरेने चालत आलेली कथा मराठीत आणली होती. पाव शतकाच्या अभ्यासानंतर त्यांनी तीच कथा पुन्हा तपासायला घेतली. आधी छापून गेलेल्या स्वतःच्या मांडणीकडे असे परत जायला धैर्य लागते.

त्यांनी साधा प्रश्न केला. चार दृश्यांची गोष्ट सर्वांत जुन्या सुत्तांत कुठे आहे? ती दीघनिकायातील महापदानसुत्तात सापडते. पण तेथे ती गौतम बुद्धाविषयी नसून विपस्सी नावाच्या फार पूर्वीच्या बुद्धाविषयी आहे. जन्माच्या वेळचे चमत्कारही त्याच ठिकाणचे. पुढच्या काळात हे सगळे गौतमाच्या चरित्रात शिरले. ते भाग कसे शिरले हे दाखवण्यासाठी कोसंबींनी पुस्तकात स्वतंत्र परिशिष्ट जोडले.

मग तथागत स्वतः काय सांगतात? मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तात ते आपल्या गृहत्यागाची आठवण सांगतात. आपण तरुण होतो, आईवडिलांची इच्छा नव्हती, ते रडत होते आणि त्यांच्यादेखत आपण केस-दाढी उतरवून बाहेर पडलो, असा त्याचा आशय आहे. मध्यरात्री सर्व झोपलेले असताना घोड्यावर बसून गुपचूप निघून जाण्याची गोष्ट याच्याशी कशी जुळणार? आईवडील समोर रडत असतील, तर जाणे गुपचूप नव्हते.

तिसरा धागा सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गातील अत्तदंडसुत्ताचा. हा वग्ग फार जुना आहे. सोण नावाच्या तरुण भिक्खूने तो तथागतांसमोर म्हणून दाखवल्याची नोंद उदानात आहे. अत्तदंडसुत्तात तथागत आपल्याला वाटलेल्या भयाविषयी सांगतात. शस्त्र हाती घेतले की भय जन्मते. आटत चाललेल्या पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसे एकमेकांविरुद्ध उभी राहिलेली त्यांनी पाहिली, आणि त्यामागे काळजात रुतलेला, सहज न दिसणारा काटा त्यांना दिसला.

कोसंबींनी हे सुत्त शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या वादाशी जोडले. जातकाच्या अट्ठकथेत या वादाचे वर्णन आहे. जेठ महिना, नदीत पाणी कमी, दोन्ही काठांवरची पिके वाळत चाललेली. एकाच बाजूला पुरेल एवढेच पाणी. आधी शेतावर राबणाऱ्यांत बाचाबाची होते, मग शिव्या आणि मग दोन्हीकडचे क्षत्रिय हत्यारे घेऊन उभे राहतात. कालव्याच्या पाळीवरून भांडणाऱ्या आपल्या गावांना हे चित्र नवे नाही. अट्ठकथा हा प्रसंग बुद्धत्वप्राप्तीनंतरचा मानते. कोसंबींना मात्र वाटले की, शाक्य-कोलियांची अशी भांडणे आधीपासून असणार आणि त्यांचा तरुण सिद्धार्थाच्या मनावर परिणाम झाला असणार. पुढे याच विषयावर त्यांनी ‘बोधिसत्त्व’ हे नाटकही लिहिले.

पण त्यांनी एकच कारण खरे आणि बाकी सगळे खोटे असे म्हटले नाही. जरा-व्याधी-मरणाचे चिंतन सुत्तांत आहेच, फक्त ते रस्त्यावर पाहिलेल्या दृश्यांच्या रूपात नाही. घरसंसार अडचणीचा आणि धुळीने भरलेला वाटणे हेही पब्बज्जासुत्तात आहे. ही तिन्ही कारणे त्यांनी वाचकापुढे ठेवली आणि प्रत्येकाचा आधार दिला.

इथे दुसरा धडा मिळतो. ग्रंथाचा गाभा शोधताना आवडलेला एक धागा ओढून बाकीचे तोडायचे नसतात. कोणता धागा जुना, कोणता नंतर विणलेला, कोणता दुसऱ्याच कापडाचा, हे दाखवायचे असते.

गैरसोयीचे सत्य

हा माणूस लोकांना आवडेल तेवढेच सांगणारा नव्हता. ‘भगवान बुद्ध’मध्ये त्यांनी मांसाहाराविषयी एक प्रकरण लिहिले. तथागतांच्या अखेरच्या भोजनातील सूकरमद्दव म्हणजे डुकराचे मांस, असा अर्थ त्यांनी मांडला आणि प्राचीन जैन श्रमणांच्या आहाराविषयीही लिहिले. त्यावरून जैन समाजात मोठा गदारोळ झाला. कोसंबींना जैन परंपरेविषयी मनापासून आदर होता. पंडित सुखलालजींसारखे जैन विद्वान त्यांचे स्नेही होते. तरी ग्रंथात जे दिसले ते त्यांनी मागे घेतले नाही.

त्यांचे सगळेच आपल्याला पटेल असे नाही. त्यांनी १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतला. उत्तरायुष्यात ते पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माकडे ओढले गेले. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. देहदंडाचे टोक नाकारणाऱ्या मध्यम मार्गाच्या अभ्यासकाने असे जाणे पत्करले, यावर आपण वाद घालू शकतो. घालावाही. ग्रंथाला प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या आचार्याला आपणही प्रश्न विचारले तर त्यात त्याचा अपमान नाही.

१९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला आणि तेथे काही काळ राहिले, हेही लक्षात ठेवायला हवे. बहुजन हा शब्द तिपिटकातलाच. हार्वर्ड आणि लेनिनग्राड पाहिलेला पंडित गिरणगावात जाऊन राहिला, कारण धम्म विद्यापीठात बंद राहावा असे त्याला वाटत नव्हते. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झाले. पुराव्यावाचून काही न मानण्याची शिस्त त्यांच्याही लेखनात दिसते.

दोन चाळण्या

१९५६ मध्ये नागपुरात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांना धम्म दिला आणि १९५७ मध्ये त्यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेतच गृहत्यागाचा प्रश्न आहे. चार दृश्यांचे कारण बाबासाहेबांना बुद्धीला न पटणारे वाटले. त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थ शाक्यसंघात युद्धाला विरोध करतो आणि रोहिणीच्या पाण्याच्या वादातून परिव्रज्या घेतो. जे बुद्धीला आणि तर्काला धरून आहे आणि ज्यात माणसाचे कल्याण आहे, तेच बुद्धवचन मानावे, अशी कसोटीही त्यांनी दिली.

कोसंबींची चाळणी पाठाची आहे. कोणते वचन जुने, कोणते नंतरचे, हे ती सांगते. बाबासाहेबांची चाळणी विवेकाची आहे. ते वचन माणसाच्या उपयोगाचे आहे का, हे ती विचारते. आपल्याला दोन्ही लागतात. फक्त पहिली वापरली तर धम्म पंडितांच्या टेबलावर राहील. फक्त दुसरी वापरली तर आपण आपलेच म्हणणे तथागतांच्या तोंडी घालू. व्हॉट्सॲपवर तथागतांच्या चित्राखाली रोज जी वाक्ये फिरतात, त्यांतली किती तिपिटकात आहेत, हे एकदा शोधून पाहावे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीसोबत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद आपण साजरा केला. पण अभिजात भाषेचा खरा मान तिचे ग्रंथ वाचण्यात आहे. कोसंबींच्या काळी लिपीची भिंत होती. आज सुत्तनिपातापासून दीघनिकायापर्यंत कितीतरी ग्रंथ देवनागरीत आणि मराठीत मिळतात.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. पुढच्या रविवारी विहारात मुलांना गोळा करा. भाषण नको. अत्तदंडसुत्ताचा मराठी अनुवाद सर्वांच्या हाती द्या आणि दोनदा वाचून घ्या. मग विचारा की, बोलणारा कोण आहे, तो कशाला घाबरला, त्याने काय पाहिले आणि शेवटी त्याला काय सापडले. उत्तर तुम्ही सांगू नका. दहावीतली पोरगी कदाचित म्हणेल की हे पाण्याबद्दल आहे, दुसरा म्हणेल भांडणाबद्दल, तिसरा म्हणेल मनातल्या काट्याबद्दल. प्रत्येकाला एवढेच विचारा, कोणत्या ओळीवरून असे वाटले? ती ओळ मुलाने बोट ठेवून दाखवली की आचार्यांचा वर्ग पुन्हा सुरू झाला असे समजा.

नमो बुद्धाय! जय भीम!